बॉनेटवरचं मांजर

भिंगरीच्या मामाला गाड्यांमधलं सगळं कळायचं. म्हणजे असं मामाच सांगायचा. त्याची स्वतःची गाडी रोज सकाळी शेजारच्या दोघांनी ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही, ते सोडा.

आईला गावाबाहेरच्या दवाखान्यात मोठी सिस्टर म्हणून बढती मिळाली होती. तिकडे पहाटे बस जात नव्हती. पहिल्या तारखेपर्यंत गाडी हाती आली नाही तर ती जागा दुसरीला जाणार आणि आई पुन्हा रात्रपाळीत अडकणार. म्हणून दोघी जुनी गाडी बघायला निघाल्या, आणि मामा न बोलावता टॅक्सीच्या पुढच्या सीटवर बसला.

"तू बोलू नकोस," तो आईला म्हणाला. "बाईमाणूस दिसलं की हे लोक टोपी घालतात."

भिंगरीला आईचाही राग आला. वॉर्डात हिच्या एका नजरेने डॉक्टर सरळ होतात, आणि भावापुढे ही मिठाची गुळणी धरून बसते.

गाडीचा मालक अंगणातच उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड हसू. सकाळची थंडी चांगलीच होती. "चार दिवस हललेली नाही हो," तो म्हणाला. बॉनेटवर एक करडं मांजर चारी पाय पसरून, पोट टेकवून झोपलं होतं.

मामाने मांजराला हुसकलं आणि आपली तपासणी सुरू केली. आधी टायरला लाथ. मग दार तीनदा आपटलं. मग डोळे मिटून "हं." आजवर कुठल्या टायरने त्याला काय सांगितलं, देव जाणे. मग किल्ली फिरवली. गाडी पटकन सुरू झाली. "लोणी आहे लोणी," मामा म्हणाला. "चल, पैसे काढ."

"मामा, ते मांजर एवढ्या थंडीत पत्र्यावर कशाला झोपलं होतं?" भिंगरीने विचारलं.

"मांजराला अक्कल असते का?"

"थोडी असावी. ऊब शोधून झोपलं होतं."

मालकाचं हसू जरा आखडलं. आईने हाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवली, पेशंटच्या कपाळावर टेकवते तशी.

"ही तर आम्ही यायच्या आधीच तापवलीय," ती मालकाला शांतपणे म्हणाली आणि मामाकडे वळली. "दादा, आमच्याकडे काही लोक पोराला घरीच तापाची गोळी देऊन आणतात आणि म्हणतात, बघा, ताप कुठंय. आम्ही त्यांना गोळीचा असर उतरेपर्यंत बाकावर बसवून ठेवतो. गाडी बंद कर. गार झाल्यावर परत सुरू करू."

"तोवर काय करायचं?"

"बसायचं."

ती पायरीवर बसली. भिंगरी शेजारी. मामा मोबाइलवर कुणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता की बायकांबरोबर बाहेर पडणं म्हणजे डोक्याला ताप. मालक आत जाऊन बसला. मांजर मात्र परत येऊन बॉनेटवर पसरलं. मग कधीतरी ते उठलं, अंग झाडलं आणि कंटाळून भिंतीवर उन्हात गेलं.

"झाली गार," भिंगरी म्हणाली.

आईने स्वतः किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, आणि मागून निळ्या धुराचा लोट निघाला. भिंतीवरचं मांजरही शिंकलं.

"निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय," आई म्हणाली. "ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तूही गेला होतास ना, दादा?"

मामा कधीच गेला नव्हता. तो टायरकडे बघत राहिला.

घरी पोचेपर्यंत त्याने झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करून टाकले. "मी आधी बॉनेटला हात लावतो, माझा नियमच आहे," भिंगरीच्या समोर, तोंड वर करून. तिला हसायलासुद्धा कमीपणा वाटला.

पुढच्या रविवारी दुसरी गाडी. मामा हजर होताच. बॉनेट थंडगार होतं. त्याने लाथ मारायला पाय उचलला, तेवढ्यात आईने आपली पर्स त्याच्या हातात दिली.

"दादा, एवढी धर," ती म्हणाली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. भिंगरी पुढचं दार उघडून तिच्या शेजारी.

मामा मागे बसला. पर्स मांडीवर घेऊन.