थांबवलेले मटार

मी एक जुना फ्रिज बोलतोय. पण जे सांगणार आहे ते सगळं असंच घडलं का, याची मलाच खात्री नाही. माझं दार उघडलं की मला दिसतं, मिटलं की फक्त ऐकू येतं. त्यातही माझा दिवा खालच्या कप्प्यात. वरचा बर्फाचा कप्पा कायम अंधारात. आणि जी गोष्ट मला नक्की माहीत असायला हवी होती, ती नेमकी त्या वरच्या कप्प्यातली. तेव्हा कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याला पत्रा जोडला, मध्ये फेस भरला, पाठीशी कॉम्प्रेसर बसवला आणि हुबेहूब माझ्यासारख्या भावंडांच्या रांगेत मला उभं केलं. पुढे दुकानात काही दिवस काढले. लोक यायचे, दार उघडायचे, आत डोकं घालायचे आणि काही न बोलता निघून जायचे. काहीजण तर नुसतं गार वाटावं म्हणून उघडायचे.

मग एक जोडपं आलं. नवऱ्याने माझ्याबरोबरचं माहितीपत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि दुकानातल्या विक्रेत्याला असे प्रश्न विचारले की तो बिचारा आतल्या खोलीत मालकाला बोलवायला गेला. बायकोने तोवर माझा भाजीचा ड्रॉवर ओढून पाहिला. "यात पालकाची जुडी न मोडता मावेल," ती म्हणाली. "हाच घेऊ." नवऱ्याचे प्रश्न तिथेच संपले.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघर इतकं अरुंद, की माझं दार पुरतं उघडलं तर ओट्याकडे जायची वाट बंद व्हायची. ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. सगळी इमारत त्यांना सर म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू, म्हणून मीही तेच म्हणतो. एक मुलगी होती, ती शिकली, नोकरीला लागली आणि दुसऱ्या गावी गेली.

माझ्यावर राज्य काकूंचं. त्यांचा एकच कायदा होता: शिळं चालायचं नाही. सकाळची भाजी संध्याकाळी त्यांना शिळी, आणि कालची चिरलेली फरसबी तर ओळखीचीसुद्धा नाही. सर गमतीने म्हणायचे, "दिवस मावळला की भाजी शिळी होते. मग मी तर किती वर्षांचा शिळा आहे."

"म्हणून तर तुम्हांला रोज नव्याने गरम करावं लागतं," काकू म्हणायच्या.

काकू मोजकं आणायच्या, मोजकं रांधायच्या. माझ्या ड्रॉवरमध्ये त्या काळात एक पान कुजलेलं मला आठवत नाही. बर्फाचा कप्पा तर जवळजवळ रिकामाच असायचा.

मग काकू आजारी पडल्या. आतड्याचं काहीतरी होतं. नाव मी ऐकलं होतं, पण सर ते इतक्या हळू उच्चारायचे की मला नीट कळलं नाही. ऑपरेशन करायचं होतं. पण डॉक्टर म्हणाले, "एवढ्या अशक्त माणसावर मी सुरी चालवणार नाही. वजन वाढवा, चार घास पोटात जाऊ द्या. पुढच्या महिन्यात पाहतो, मग तारीख देतो." सगळं त्या वजनावर येऊन अडलं.

सरांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं. दिवसभर ते चहावरच असायचे. आता ते पुस्तकात बघून सूप करायला शिकले, भाजी परतायला शिकले. आणि रोज सकाळी बाजारात जायला लागले. त्यांना वाटायचं, भाजी जितकी ताजी आणि जितकी जास्त, तितका काकूंना गुण येईल. पालक, फ्लॉवर, गाजरं, फरसबी, शेंगा, सगळं यायचं. माझा ड्रॉवर गच्च भरला, मग अंड्यांच्या जागी टोमॅटो आले, दुधाशेजारी दुधीभोपळा आडवा झाला.

काकू दोन घास घ्यायच्या. तिसऱ्याला मान फिरवायच्या. उरलेलं संध्याकाळी चालायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सर पुन्हा नवी पिशवी घेऊन दारात.

माझ्या पोटात काय चाललं होतं ते सांगायला लाज वाटते. खालच्या पालकाचं काळं पाणी झालं. फ्लॉवरवर ठिपके आले. काकडीला बोट लावलं की ते आत जायचं. मी माझ्या परीने गार करत होतो, रात्रंदिवस घरघरत होतो, पण गार करणं म्हणजे काळाला थोडं हळू चालायला लावणं, एवढंच माझ्या हातात आहे. दुपारी काकूंचा डोळा लागला की सर सगळं वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि चोरासारखे खाली टाकून यायचे. गुंडाळताना पुटपुटायचे, "हे तिच्या पोटात जायला हवं होतं." मग ओटा धरून उभे राहायचे. त्यांचा एक गुडघा बाजाराच्या फेऱ्यांनी सुजला होता.

एका रविवारी मुलगी आली आणि तिने माझा ड्रॉवर ओढला.

"बाबा, हे काय आहे?"

"फरसबी."

"होती. आता काय आहे ते विचारतेय." तिने नाक दाबलं. "बाबा, फ्रोझन मटार का नाही आणत?"

"तुझ्या आईला शिळं चालत नाही."

"शिळं कसलं? काढल्या काढल्या गोठवतात ते. तुमची ताजी भाजी किती दिवस पाणी मारून बसवलेली असते, कधी विचारलंत भाजीवाल्याला?"

"विचारलं. आजचीच आहे म्हणाला."

"मग काय, परवाची म्हणेल?" ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. "बाबा, आईला मूठभर लागतं आणि तुम्ही जुडी आणता. पाकिटातलं मूठभर काढायचं. बाकीचं तसंच राहतं. तिला हवं तेव्हा पुन्हा मूठभर."

आतल्या खोलीतून काकूंचा बारीक आवाज आला. "मला ऐकू येतंय. शिळं आणलंत तर तोंड उघडणार नाही."

सरांनी माझा वरचा कप्पा उघडला आणि आतल्या नुसत्या बर्फाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं, ते शब्द शोधत होते. जन्मभर तोच धंदा केलेला माणूस. मग ते आतल्या खोलीच्या दारात गेले.

"हे बघ. ज्याचा वेळ पुढे निघून गेला ते शिळं. बरोबर?"

"बरं."

"या मटारांचा वेळ पुढे गेलेलाच नाही. ते गोठवलेले नाहीत. थांबवलेले आहेत."

आत खाट करकरली.

"वर्गात पोरांना असंच फसवायचात ना?" काकू म्हणाल्या.

"हो."

"आणा मग थोडे थांबवलेले."

आणि जमलं. कसं ते मला अजून सांगता येत नाही, पण जमलं. माझ्या वरच्या कप्प्यात मटारची पाकिटं आली, गाजराचे तुकडे आले. सर मूठभर काढायचे, मऊ शिजवायचे, गाळून वाटीत द्यायचे. काकूंना कुठल्याही वेळी दोन घास घ्यावेसे वाटले तरी घरात ते असायचे. ताजं आणायचं ते आज खात्रीने खपेल तेवढंच: एखादा टोमॅटो, एक लिंबू. फेकाफेक थांबली. माझा ड्रॉवर पुन्हा स्वच्छ झाला. काकू हाक मारायच्या, "अहो, आज थोडे थांबवलेले द्या." एकदा म्हणाल्या, "मलाही ठेवा की तिथे वर. थांबवून."

"तू मावणार नाहीस," सर म्हणाले.

"आता मावेन."

 सरांनी माझं दार हळू मिटलं.

त्यातच मुलीने एक पाकीट फडक्यात गुंडाळून सरांच्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवलं होतं. आराम पडला. मग रोज दुपारी काकूंच्या खाटेशी बसून सर ते पाकीट गुडघ्यावर धरायचे आणि वितळलं की पुन्हा माझ्याकडे आणून ठेवायचे. "गुडघ्याचं पाकीट," मुलीने बजावलं होतं, "ते खायचं नाही हं बाबा. डाव्या बाजूलाच ठेवायचं." काकू चिडवायच्या, "माझ्यापेक्षा तुमचा गुडघाच जास्त मटार खातो."

वजनाच्या दिवसाला थोडेच दिवस उरले होते. त्या दुपारी काकू आपणहून म्हणाल्या, "भूक लागलीय." कित्येक दिवसांत हा शब्द त्या घरात कुणी ऐकला नव्हता. सर लंगडत धावत आले. उघडलेलं पाकीट संपलेलं होतं. त्यांनी अंधारात हात घातला, हाताला आलेलं पाकीट ओढलं, ओट्यावर आपटलं आणि कात्रीने कापलं. डावीकडचं होतं की उजवीकडचं? मला आठवत नाही. आपटल्याचा आवाज मला आठवतो. पण ते तर प्रत्येक पाकीट आपटायचे.

काकूंनी पूर्ण वाटी संपवली. वाटी धुताना सर गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दवाखान्यात न्यावं लागलं. इतक्या दिवसांत घासाघासाने जे अंगाला लागलं होतं, ते तीन दिवसांत गेलं, आणि त्याहून जास्त गेलं. दवाखान्यातून आल्यावर बापलेकीचं बोलणं माझ्यासमोरच झालं.

"डॉक्टर म्हणाले, काहीतरी बाधलं."

"बाबा, त्या दिवशी कुठलं पाकीट उघडलंत?"

"मला आठवत नाही."

"उरलेली कुठे आहेत? एकदा वितळून गोठलेल्या मटारांचं ढेकूळ होतं. नुसतं हलवलं तरी कळेल कुठलं राहिलंय ते."

सर ओट्याला टेकले. "सगळी टाकली. सकाळी कचऱ्याची गाडी गेली."

"सगळी?"

"मला ती घरात बघवत नव्हती."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, झालं ते झालं. पण पुरावा नसला की सरांचं मन स्वतःविरुद्धच निकाल द्यायचं. जिन्यात कुणी भेटलं तर मान खाली घालून वर यायचे. कुणी दार वाजवलं तर उघडायचे नाहीत. आणि थांबवलेले मटार त्या घरात पुन्हा कधी आले नाहीत.

पुन्हा बाजार, पुन्हा पिशव्या, पुन्हा दोन घास. माझ्या ड्रॉवरमध्ये पुन्हा काळं पाणी साचलं. काकू म्हणायच्या, "अहो, ते आपले थांबवलेले आणा ना. ते उतरतात घशाखाली." सर म्हणायचे, "नको." काकू समजवायच्या, "मला त्याने काही झालं नाही हो." सर म्हणायचे, "तुला काय माहीत?" त्या पुन्हा मागायच्या. मला दोघांचंही ऐकू येत होतं. माझा वरचा कप्पा रिकामा होता आणि मी त्या रिकामपणाला उणे अठरा अंशांवर गार करत बसलो होतो. जे एकच त्यांना उतरत होतं, ते तेवढं सोडून त्या घरात सगळं यायचं.

डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली. मग तारखेबद्दल बोलणं बंद झालं. काकू गेल्या त्या सकाळी माझ्यात तीन जुड्या होत्या, आदल्या दिवशीच आणलेल्या, अगदी ताज्या.

त्यानंतरही सर काही महिने रोज भाजी आणत राहिले, एकट्यासाठी, दोघांची. मग मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली आणि मला वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने नेलं.

आता मी तिच्या गॅलरीत आहे. दाराचं रबर सैल झालंय, ते बंद राहावं म्हणून पुढे स्टूल लावतात. स्वयंपाकघरात नवा, उंच, दोन दारांचा आलाय. माझ्यात पाण्याच्या बाटल्या आणि कुणाला नको असलेली लोणी-पावाची उरलीसुरली पाकिटं. भंगारवाला एकदा बघून गेलाय. निघायच्या आधी तुम्हांला एक विनवणी करायची होती. ताजं चांगलं की गोठवलेलं, हा वाद दार उघडं ठेवून घालू नका. माझ्यासारख्याचा जीव जातो त्यात. आधी आतल्या खोलीत जाऊन विचारा, आज कोण किती खाणार आहे, आणि काय उतरतंय. मग तेवढंच आणा. जे उतरतं ते भीतीपायी बंद करू नका.

आणि दुसरी विनवणी सरांसाठी. मुलीचा फोन येतो तेव्हा शेजारीण मोठ्याने बोलते, म्हणून मला कळलं की ते अजूनही मटार खात नाहीत. ताटात आले तर बाजूला काढून ठेवतात. तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत असेल, तर मी पुढे सांगतो ते त्यांच्या कानावर घाला. शेजारणीला हे सांगायचं कधी सुचलंच नाही, कारण सर काय मनात घेऊन बसलेत ते तिला माहीतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरची पाण्याची टाकी धुणारा माणूस गॅलरीत येऊन माझ्यातलं गार पाणी प्यायला. शेजारीण त्याला म्हणाली, "झाकण नीट लाव रे बाबा. मागे सगळ्या जिन्याला उलट्या-जुलाब झाले होते. आम्ही तर घरात सगळेच आडवे. खालच्या काकूंना दवाखान्यात नेलं ना, तोच आठवडा."

"माहितीये की," तो म्हणाला. "टाकीतलं मेलेलं कबूतर मीच काढलं होतं."