खालून वर लिहिलेली चिठ्ठी

मी छापखान्यातली दुरुस्तीची चिठ्ठी बोलतेय. वहीचं अर्धं पान आणि दोन ओळी शाई, एवढाच माझा पसारा.

चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये मंगळवेढ्याचं मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या मथुराबाईंनी मला लिहिलं. नव्या मुलींची यादी सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या छापखान्यात जुळवून तयार होती. तेवढ्यात त्यातल्या दोघींची लग्नं ठरली. बाईंना जायला सवड नव्हती. त्यांनी छापखान्यातून आलेल्या तपासणीच्या कागदावरच्या ओळी मोजल्या आणि लिहिलं, 'ओळ पंधरा काढा. ओळ सहा काढा.'

आधी वरची ओळ काढली, की खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकतात. म्हणून बाई नेहमी खालून सुरुवात करायच्या. कारण मात्र त्यांनी कधी लिहिलं नाही. स्वतःला कळतं ते जगाला कळतंच, असं शिकलेल्या माणसांना वाटतं.

एसटीच्या कंडक्टरनं मला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या चनबसप्पाच्या हाती दिलं.

"बाई घाईत हाईत," तो हसला. "पंधरा आदी आन् सहा मागनं! सरळ करून घिऊ."

त्यानं सहावी ओळ उचलली, मग वरून मोजून पंधरावी. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठं होतं? ती ओळ मुळात सोळावी होती. काढलेल्या ओळींचे खिळे आपापल्या खणांत गेले आणि यादी छापून झाली.

छापील यादीत नाव असेल तिलाच खाट, असा वरचा हुकूम होता.

घोंगड्या विकायला सोलापुरात आलेला सिद्धाप्पा दुपारी याद्या न्यायला छापखान्यात आला. बाईंनीच त्याला सांगितलं होतं.

"मास्तर, माज्या तानाबाईचं नाव कुटं हाय? बोट ठिवून दावा की."

चनबसप्पानं वरून खाली बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"न्हाय हितं."

"न्हाय कसं? बाईंनी सोता सांगितलंय! पोरगी पेटी भरून बसलीया." सिद्धाप्पा उंबऱ्यावरच खाली बसला. घोंगड्यांचा गठ्ठा त्यानं मांडीवर ओढून घेतला. मला त्याच्याकडे बघवेना.

चनबसप्पानं मला उचललं. आपल्याकडच्या तपासणीच्या कागदावर माझ्याच क्रमानं, खालून, बोट ठेवलं. मग त्याचा चेहरा उतरला.

"चूक माजी हाय, पावनं. लई शानपना केला. बसा हितंच."

सगळ्या याद्या त्यानं फाडल्या. लग्न ठरलेल्या मुलीची राहिलेली ओळ काढली आणि 'तानाबाई सिद्धाप्पा खरात' खिळा खिळा करून पुन्हा जुळवलं. सिद्धाप्पाला वाचता येत नव्हतं, तरी नव्या कागदावरच्या त्या ओळीवरचं बोट तो उचलेना.

आता मी पिवळी पडलेय, छापखान्यात खिळ्यांच्या खणांवर टांगलेली आहे. लिहिणाऱ्यांनो, नुसता आकडा लिहू नका, शेजारी माणसाचं नाव लिहा. आणि करणाऱ्यांनो, आधी विचारा, मग सुधारा.

त्या संध्याकाळी चनबसप्पानं माझ्या मोकळ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलं, 'ओळ सोळा. तानाबाई. राहू द्या.'