गवताच्या गाडीचा निळा धूर

शनिवारी सकाळी सासरे गवत कापायच्या गाडीवर बसले, किल्ली फिरवली आणि परसभर निळसर धूर पसरला. मी माझ्या तान्ह्या पोरीला, जुनीला, कडेवर घेऊन मागच्या पायरीवर उभी होते. ती खोकली. सोमवारपासून मी कामावर जाणार होते आणि दिवसभर ती सासऱ्यांजवळ राहणार होती, म्हणून हल्ली मी त्यांच्यावर नजर ठेवून असायचे. शेगडी बंद केली का, तळ्याकडचं फाटक लावलं का. पोरगी रात्री झोपू देत नाही. ती झोपली की ही पाळत झोपू देत नाही.

"वर्लिन, धुरावर डुक्कर भाजतोयस होय?" कुंपणापलीकडून शेजारचा रॉस्को सासऱ्यांना ओरडला. "मला जेवायला बोलवायचं राहिलं!"

"तू ये, तुलाच लटकवतो!" सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. आपले गुडघे जातात तसं. संपलं इंजिन."

"बाबा, आधी बंद करा. खोकतेय ती."

"तिच्या बापाला लहानपणी या गाडीवर बसवल्याशिवाय घास जात नव्हता," ते पुटपुटले, पण बंद केली.

निळा धूर म्हणजे तेल जळतंय, एवढं मी पहाटे जुनीला पाजताना फोनवर वाचलं होतं. कारण गेल्या आठवड्यातही धूर आला होता, थोडासा. जुनीला गवतावर बसवलं, तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घालून बघितली. तेल खुणेच्या कितीतरी वर. जास्त झालेलं तेलच जळत होतं.

"बाबा, तेल घातलंत?"

"म्हणजे काय! कापायच्या आधी तेल बघायचं, हा माझ्या वडिलांचा नियम. सकाळीच घातलं."

"कमी होतं?"

"कमी असल्याशिवाय घालेन का, पोरी?"

कोठीच्या दाराशी कचऱ्याचा डबा होता. त्यात तेलाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या, एकीवर एक, आणि सगळ्यांची तोंडं अजून ओली. ते माझ्यामागून आले आणि डब्यात बघत उभे राहिले.

"कर्टिसने ओतलं असेल," ते म्हणाले. कर्टिस माझा नवरा. नदीवर मालाच्या बोटीत असतो.

"असेल," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "तो ईस्टरपासून आलाच नाही ना?"

"नाही आला, बाबा."

मग दोघांनी मिळून जास्तीचं तेल नळीने काढलं. नळी कुठे लावायची, किती काढायचं, थेंब कुठे सांडतो, सगळं त्यांना ठाऊक होतं. हात जरासुद्धा चुकले नाहीत. इंजिन सुरू झालं, त्याने धूर ओकला, मग धूर विरळ होत गेला आणि आवाज स्वच्छ झाला.

"रिंगा शाबूत आहेत," ते म्हणाले. हसले नाहीत. गाडी वळवून ते सरळ पट्टे मारू लागले.

मी जुनीला उचलून आत गेले आणि डोरीनला, कामावरच्या माझ्या साहेबीणबाईंना, फोन लावला. सोमवारी नाही जमणार म्हटलं.

"अगं, सासरे सांभाळणार होते ना?"

"हो," मी म्हटलं. "पण आता दोघांकडे बघायला कुणीतरी हवं."

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. खिडकीतून ते दिसत होते. त्यांनी मला बघितलं, पण नेहमीसारखा हात केला नाही.