परक्याचा घण

“मुकादम, ह्यो धोंडा न्हाय. ह्यो आमचा वीर हाय!”

गोजाबाई खडीच्या ढिगाऱ्यापाशी मटकन खाली बसली. ढिगाऱ्यात आडवा पडलेला दगड तिच्या सासरचा होता. त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस कोरलेला. कंपनीची पलटण पेशव्यांच्या सोलापूरवर चालून आली, तेव्हा किल्ल्याच्या तोंडाशी लढताना तोफेच्या गोळ्यानं पडलेला त्यांच्या घरातला मेंढपाळ. राज्य बुडालं, पण हा गडी दगड होऊन खंदकाच्या कडेला उभाच राहिला. दर वैशाखी अवसेला घरचं कुणीतरी येऊन त्याला भंडारा लावायचं. यंदा एकोणीसशे तिसाच्या साली गावात मार्शल लॉ लागला आणि खंदकाकडं फिरकायचीही बंदी झाली.

त्यात गोजाबाईच्या नवऱ्याला नेलेलं. मायाप्पा कसला पुढारी न् कसलं काय! गिरणीत कापसाच्या गासड्या ओढणारा माणूस. डोक्यावर पांढरी गांधी टोपी दिसली, एवढ्यावर शिपायांनी धरला. तेव्हापासून सासू फुलाबाईचा एकच धोशा, “गोजे, वीराला भंडारा लागला न्हाय तर माजा लेक दारात यायचा न्हाय.”

म्हातारीला चालवत नव्हतं. मग गोजाबाई लष्कराच्या रस्त्यावर खडी फोडायच्या कामाला लागली. आत शिरायची तेवढीच वाट होती. आज अवस. कनवटीला भंडाऱ्याची पुरचुंडी बांधून आली आणि बघते तर काय, वीरच फोडायला काढलेला!

मुकादम तिप्पण्णा कावराबावरा झाला.

“अय्यो, हळू बोल बाई! त्यांच्या गाड्या जायला रस्ता पायजे. हितला एकबी दगड ठेवू नका म्हून हुकूम हाय.”

“दादा, पाया पडते तुमच्या. घरी न्हेते की त्याला.”

“कशी न्हेशील? चौघांला हलंना त्यो! नवरा आत हाय, आता तूबी जातीस का? म्हातारीला कोन बगंल मग?”

गोजाबाई तशीच उठली आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायापुढं जाऊन तिनं हात जोडले, दगडाकडं बोट केलं. तो काहीतरी खेकसला. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. छातीसमोर आलेली संगीन मात्र कळली.

ती परत फिरली तेव्हा घणवाला महिपती दगडापाशी पाय रोवून उभा होता.

“थांबा, म्हयपतीभाऊ.”

तिनं पुरचुंडी सोडली. वीराच्या कपाळाला भंडारा लावला, डोकं टेकलं.

“परक्याचा घण नगं त्याला. द्या हिकडं.”

“गोजाबाय, तुला झेपायचा न्हाय.”

“द्या म्हनते न्हवं!”

पहिला घाव ढालीवर बसला आणि घण उसळून मागं आला. गोजाबाई हंबरडा फोडून रडत होती आणि घाव घालत होती. मायाप्पाला नेलं तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. वीर काही लवकर फुटेना. तोफेपुढंही तो लवकर मेला नसेल.

दिवस मावळायच्या आत ती घरी आली. फुलाबाई उंबऱ्यातच बसली होती.

“लावलास भंडारा?”

“लावला.”

“मग रडतीस का?”

“आत्याबाय, त्यास्नी रस्त्याला खडी पायजे हुती. दुसरा फोडनारच हुता. मग मीच फोडला वीराला. ह्या हातांनी.”

म्हातारीचा चेहरा उतरला. “मग माजा मायाप्पा?” ती म्हणाली. गोजाबाई खाली मान घालून शिव्यांची वाट बघत राहिली. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हात दाव.”

गोजाबाईनं तळवे पुढं केले. फोड येऊन फुटले होते, रक्तात काळ्या दगडाची भुकटी माखली होती. पाणी आणायला ती उठू लागली, तर फुलाबाईनं तिचं मनगट धरलं.

“धुवू नगंस.”

उरलेला भंडारा म्हातारीनं चिमटीत घेतला, दोन्ही तळव्यांना हळूच लावला आणि त्या हातांवर डोकं टेकलं.