हिरव्या बटणावरचं कुंकू

दसऱ्याले मशीनची पूजा करा, माझं काई म्हणणं नाई. पण चालू मशीनची काहून? आमच्या अमरावतीच्या कारखान्यात दरवर्षी हेच. सीएनसी, म्हणजे आमची कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, बंद असली की स्क्रीन काळी दिसते, अन् मालकाच्या आईले, सुभद्राकाकूले, ते अशुभ वाटते.

माझी लहान बहीण आचल अन् मी, दोघी एकाच मशीनवर ऑपरेटर. त्या सकाळी आचल आत वाकून चकले लाल दोरा गुंडाळून राहिली होती. चक म्हणजे लोखंडाचा नग दाबून धरते अन् गरगर फिरवते ते. कोपरापर्यंत हात आत. दार उघडं असलं तं मशीन फिरत नाई, म्हणून पोरगी निवांत होती.

मी झेंडूचा हार घेऊन आली अन् दाराच्या स्विचकडे नजर गेली. पट्टी तशीच खोचलेली. नग भराभर निघावे म्हणून सुपरवायझर गजेंद्रनं ती बसवली होती. तिच्यानं मशीनले वाटते, दार बंदच हाय. "काढून टाकतो," म्हणे परवा.

काकू एकेका बटणाले कुंकू लावून राहिल्या होत्या. बोट हिरव्या बटणाकडे चाललं होतं. ते दाबलं की मशीन सुरू. मी सरळ काकूच्या हातावर फटका मारला. ताट खाली, कुंकू फरशीवर.

"सणाचं ताट पाडलं तुनं?" गजेंद्र अंगावर आला.

"आचल, हात काढ," मी म्हणलं.

"काहून वं ताई?"

"काढ म्हणलं नं."

तिनं काढला. गजेंद्रनं माझा रोख ओळखला अन् हसला. "पट्टी मी फिटर खुशालरावले काढायले लावली होती. दार उघडं हाय, काई होत नाई. हे पाहा काकू." अन् त्यानंच हिरवं बटण दाबलं.

चक असं फिरलं की दोरा दिसलाच नाई. आचलच्या मुठीतलं रीळ ओढल्या गेलं अन् आत फाडकन आपटलं. मी धावत लाल बटण दाबलं.

काकूनं आचलचा हात धरला अन् एकेक बोट चाचपून पाहिलं. गजेंद्र "खुशालरावले सांगितलं होतं मी" इतकंच पुटपुटत राहिला.

पट्टी मी उपसून पर्समध्ये टाकली. आमच्या गावच्या, चांदूर रेल्वेच्या बसमध्ये आचलनं पर्सकडे पाहून इचारलं,

"ताई, त्यानं दुसरी बसवली तं?"

मी चांदूर येईस्तोर तिचा हात धरून बसली. उद्याची पहिली शिफ्ट तिची होती.