झाकणावरचा आकडा

तस्नीमने दोन्ही नळ्या उजेडासमोर धरल्या. आकडे फक्त झाकणांवर होते, नळ्या कोऱ्याच. झाकणं काढून टेबलावर ठेवली काय आणि लावताना अदलाबदल केली काय, सगळा घोळ तिचाच!

एका नळीत नर्सरीतल्या रासबेरीचं पान होतं, नुसता हात बसावा म्हणून घेतलेलं. दुसरीत सौदीतल्या ताइफच्या डोंगरातल्या रानरासबेरीचं. ते मेंढ्या राखणाऱ्या हम्मादचाचांनी कड्यावरून काढून दिलं होतं. पानातल्या हरितलवकाचा जनुकसंच वाचला, तर रानटी म्हणवणारं पान थेट नर्सरीचंच निघालं. तेव्हा तिने जेद्दाच्या प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर उदयदादांकरवी चाचांना फोन लावला होता. चिपळूणचे उदयदादा वीस वर्षं इथे तंत्रज्ञ, अरबी अस्खलित.

"विचारा, बागेतलं पान देऊन आम्हाला का फसवलंत?"

आज दुसऱ्या नळीचा निकाल आला. तो कुठल्याच माहितीतल्या रासबेरीशी जुळत नव्हता. म्हणजे नर्सरीच्या झाकणाखाली चाचांचं खरंखुरं रानपान होतं.

"फोनवर सांगून टाकू," उदयदादा म्हणाले.

"फोनवरच तर नाक कापलं त्यांचं. माफी तरी समोर जाऊन मागते."

सकाळी दोघं निघाले. वाटभर तिला लाज नुसती जाळत होती.

हम्मादचाचांनी अंगणात सतरंजी टाकली, कहवा ओतला. ती तोंड उघडणार, तोच ते बोलू लागले. उदयदादा मराठीत सांगत गेले आणि त्यांचा आवाज खाली येत गेला.

"म्हणतायत, पोरी, मला माफ कर. वडील सांगायचे, हे डोंगराचं झुडूप. मीही तेच धरून बसलो. तुमचं यंत्र कशाला खोटं बोलेल?"

चाचांनी कड्याकडे बोट दाखवलं. तिथे ताज्या मातीचा खड्डा होता.

"आणखी कोणी फसू नये म्हणून मुळासकट उपटून जाळलं म्हणतायत. तेवढं एकच होतं." उदयदादा तिच्याकडे वळले. "आता काय सांगू गं यांना?"

तस्नीमने कप सतरंजीवर ठेवला.

"खरं तेच सांगा. झाडही खरं होतं, तेही खरे होते. चूक माझी."

उदयदादांनी सांगितलं. हम्मादचाचांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं. मग त्यांनी किटली उचलली आणि तिच्या कपात आणखी कहवा ओतला.

तिला तो पिववेना.