थ्येन-लायने न खाल्लेलं लोणचं

आमच्या मिठागरांच्या गावात होंग थ्येन-लायचा आवाज न ओळखणारा म्हातारा माणूस सापडायचा नाही. रेडिओवर दुपारचा कार्यक्रम त्याचा असायचा. गाणं लावायचा, मधेच फोन घ्यायचा, कालवं फोडत बसलेल्या बायकांची सुनांबद्दलची गाऱ्हाणी ऐकायचा आणि उलट त्यांनाच चार शब्द सुनवायचा. बायका हसत ऐकून घ्यायच्या.

रेडिओ सुटला त्याच सुमाराला त्याच्या किडन्या अधू झाल्याचं कळलं. मधुमेह जुनाच होता. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळलं तर गाडी बरीच वर्षं ढकलता येईल. त्याच्या बायकोनं, सिउ-लुआननं, त्याच संध्याकाळी खारवलेल्या काकडीचं लोणचं, मुरवलेलं टोफू आणि सोया सॉसची बाटली शेजारी आणून दिली. शेजारीण म्हणजे मी.

"यातलं आता आमच्याकडे काही चालणार नाही," ती म्हणाली. "म्हाताऱ्यानं तुझ्या दारात येऊन मागितलं तर झाडू दाखव."

तो कधी मागायला आला नाही. आठवणीनं तोंडाला पाणी सुटलं की माझ्या अंगणात येऊन वास मात्र घ्यायचा. "वासाला मीठ नसतं ना गं?" असं विचारायचा आणि परत जायचा.

दवाखान्यात पथ्याचे व्हिडिओ होते, पण ते शहरी मँडरिनमधले. आमच्या म्हाताऱ्यांना निम्मं कळायचं नाही. मग नर्स पेइ-यूला थ्येन-लाय सुचला. त्याच्याच स्वयंपाकघरात शूटिंग झालं. टॅबवर थ्येन-लाय उभा, समोर चार वाडगे. "दादांनो, मावश्यांनो, यातला कुठला मी खाऊ? बोट लावा." चुकीच्या वाडग्याला बोट लागलं की तो कपाळावर हात मारायचा, "अगं बाई, मला मारायला निघालीस का? परत बघ!" बरोबर लागलं की मागे चुलीपाशी उभी असलेली सिउ-लुआन टाळ्या वाजवायची. कमरख फळ म्हणजे अधू किडन्यांना विषच; त्याला बोट लावलं तर तो जमिनीवर आडवाच व्हायचा. ते बघायला म्हाताऱ्या मुद्दाम कमरखाला बोट लावायच्या. पण शिकल्या. बरोबर उत्तरं वाढली, रिपोर्ट सुधारले. दूरच्या गावांतल्या दवाखान्यांनीही तो व्हिडिओ मागून घेतला.

आणि थ्येन-लायचे स्वतःचे आकडे मात्र घसरत गेले.

सिउ-लुआन डॉक्टरांशी भांडली. "तांदूळसुद्धा मोजून शिजवते मी. भाजी उकडून पाणी फेकते. कुठं चुकलं ते दाखवा."

"कुठं चुकलं नाही," डॉक्टर म्हणाले. "काही किडन्या जातातच. पथ्यामुळे कदाचित थोड्या उशिरा गेल्या."

"कदाचित?"

डॉक्टरांनी डायलिसिसची चिठ्ठी लिहून दिली.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. मशिनं वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्टकडे जायला वाट ओपीडीतूनच. तिथं बाकावर म्हाताऱ्या बसलेल्या, मांडीवर टॅब, टॅबमध्ये गुबगुबीत गालांचा थ्येन-लाय हसतोय. खरा थ्येन-लाय टोपी आणि मास्क लावून भिंतीकडेनं जायचा. त्यानं पेइ-यूला विचारलं, "तो व्हिडिओ काढता येणार नाही का?"

"काका, दुसरा कुणाचा बघतच नाहीत हो लोक," ती कळवळून म्हणाली.

एक दिवस लिफ्टपाशी कुणाचा तरी धक्का लागला आणि त्याच्या तोंडून "सांभाळून!" निघालं. बाकावरची बोंग-छी मावशी ताडकन उठली. तिची मिठागरावर उन्हात उमर गेलेली, किडन्या नुकत्याच कुरकुरायला लागलेल्या.

"आ-लाय! हा तर आ-लायचा आवाज! अरे, तू वर कशाला चाललायस? वर तर ती मशिनं आहेत." तिनं त्याच्या हातावरची पट्टी पाहिली. "तूच तर आम्हाला सगळी बरोबर उत्तरं शिकवलीस."

बाकावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. थ्येन-लायनं मास्क खाली ओढला आणि हसला. "उत्तरं शिकवणं सोपं असतं मावशी. घरी चोरून लोणचं खायचो. काकडीचं. बरणीच्या बरणी."

"मेल्या!" मावशी ओरडली. तिला केवढं तरी हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सिउ-लुआन बाजारात होतो. कालवंवाली म्हणाली, "काय गं, नवऱ्याला चोरून लोणचं घालत होतीस म्हणे? आणि व्हिडिओत टाळ्या पिटतेस!"

सिउ-लुआननं हातातली भाजी तिथंच टाकली. त्या दिवशीचं त्यांचं भांडण मला भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू आलं.

"मी कधी चमचाभर सॉस घातला? सांग! गेली इतकी वर्षं मीसुद्धा अळणीच खाल्लं तुझ्याबरोबर!"

"मावशीला काय सांगणार होतो? सगळं करून उपयोग नाही म्हणून?"

"खरं सांगायचं! जा, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

तो गेला. बोंग-छी मावशी दारातच होती. त्याला पाहून तिनं अंगणाच्या कोपऱ्यातली रिकामी बरणी दाखवली. "बघ, तुझं ऐकल्यापासून लोणचं फेकून दिलं. मी तुझ्यासारखी मूर्ख नाही हो." थ्येन-लाय चहा नको म्हणाला आणि परत आला.

"सांगितलंस?"

"नाही."

त्या रात्रीपासून सिउ-लुआन दोन चुली पेटवायला लागली. त्याचं अळणी आधी वाढायची. मग स्वतःसाठी खारा मासा तळायची आणि मागच्या पायरीवर एकटीच बसून खायची. दवाखान्यात त्याच्याबरोबर जाणंही तिनं सोडलं. स्कूटरवरून मी न्यायला लागले.

त्यानंतरच्या वसंतात एक दिवस आम्ही वर गेलो, तर शेजारच्या पलंगावर बोंग-छी मावशी होती. वाळून काडी झालेली, हातात सुया. थ्येन-लाय दारातच थबकला. मीच त्याला दंडाला धरून आत आणलं.

मशीन लागल्यावर मावशीनं मान वळवली. "आ-लाय, माझं काय चुकलं रे?"

"काही नाही, मावशी."

"असं कसं? तुझं निदान लोणचं तरी होतं."

तो छताकडे बघत म्हणाला, "मी लोणचं खाल्लं नव्हतं. कधीच नाही. तेव्हा खोटं बोललो."

मला वाटलं, ती चिडेल. शिव्या देईल. तिनं फक्त डोळे मिटून घेतले. "असं बोलू नकोस रे. मग मी काय धरून बसू?"

नर्स येऊन रक्तदाब बघून गेली. मावशी पुटपुटायला लागली, आधी स्वतःशी, मग आम्हाला ऐकू येईल असं. लेकाच्या घरचं जेवण. देवळातल्या जत्रेतला एक तुकडा. मग ती एकदम थांबली.

"नव्या वर्षाच्या रात्री," ती म्हणाली. "नातसुनेनं माशाचं सूप दिलं होतं. पोरगी नवी, नाही कसं म्हणायचं? तेच. तेच असणार."

"मावशी, एका वाडग्यानं असं होत नाही," मी म्हणाले.

"तेच होतं," ती हट्टानं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. हात सुयांनी अडकलेले, पुसता येईना. "पण आ-लाय, सगळं नव्हतं रे प्यायले. निम्मं ठेवलं होतं."